मुलाखत संपल्यावर तिच्या कोपीत काय झाले?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): ही वाचक मराठवाड्यातून समाजकार्य विषयात पीएच.डी. करते आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांवर घरात होणारी हिंसा हा तिच्या प्रबंधाचा विषय आहे. या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याजवळच्या अड्ड्यावर (ऊसतोड टोळ्यांच्या तात्पुरत्या वस्तीवर) जाऊन तिने मुलाखती सुरू केल्या. एकूण १८० स्त्रियांच्या मुलाखती घ्यायच्या ठरल्या असून त्यांपैकी ४१ झाल्या आहेत. एका संध्याकाळी एक बाई चुलीपाशी बसून तासभर बोलली. नवरा पिऊन मारतो, गेल्या वर्षी त्याने हात मोडला होता आणि दवाखान्यात आपण "फडात पडले" असे सांगितले, हे तिने आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितले. त्या वेळी शेजारच्या कोपीत (झोपडीत) तिचा दीर झोपला होता. दोन दिवसांनी वाचक पुन्हा तिकडे गेली, तेव्हा त्या बाईचा डोळा काळानिळा झाला होता आणि "आता काही विचारू नका ताई" एवढेच ती म्हणाली. त्याच अड्ड्यावर १६ वर्षांची, पाच महिन्यांची गरोदर असलेली एक विवाहित मुलगीही मुलाखतीत बोलली आहे. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की, "आपण संशोधक आहोत, कार्यकर्ते नाही, नमुना पूर्ण करा." वाचक लिहिते, "मी तिला बोलते केले आणि निघून आले." तिचे प्रश्न असे आहेत: त्या बाईसाठी पोलिसांकडे जावे का? तिची मुलाखत फाडून टाकावी का? विषयच सोडून द्यावा का? आणि गोपनीयतेचा शब्द दिलेला असताना त्या मुलीविषयी कुठे बोलणे हा विश्वासघात ठरेल का?

प्रिय मैत्रीण,

आधी दोन गोष्टी सांगते, कारण त्यांना उशीर करून चालणार नाही. त्या अड्ड्यावरच्या उरलेल्या मुलाखती आजपासून थांबवा. आणि त्या बाईची काळजी वाटते म्हणून तिच्या कोपीकडे एकट्याने, थेट, तिचीच विचारपूस करायला जाऊ नका. तुमची माया खरी आहे हे मला पत्रावरून दिसते. पण ज्या घरात तुमच्या येण्याकडे आधीच संशयाने पाहिले जाते आहे, तिथे तुमची तिसरी खेप तिला आणखी महागात पडू शकते.

आता तुमच्या मनावरच्या ओझ्याविषयी. तिला मार बसला तो तुमच्यामुळेच, असे तुम्ही धरून चालला आहात. तसे असेलही, नसेलही. ज्या घरात गेल्या वर्षी हात मोडला गेला, तिथे मारायला कारण लागतेच असे नाही. मारणारा हात त्याचा आहे आणि त्याचा दोष तुम्ही स्वतःकडे ओढून घेऊ नये. मात्र एका गोष्टीची जबाबदारी आपलीच असते: प्रश्न विचारल्याने धोका वाढू शकतो, याचा अंदाज प्रश्न विचारण्यापूर्वी घेणे. तो अंदाज कसा घ्यायचा हे तुम्हाला कोणी शिकवलेले दिसत नाही. नमुना किती हवा, तक्ते कोणते हवेत, हे मात्र शिकवले गेले. माझा राग असलाच, तर तो या व्यवस्थेवर आहे.

मलाही ते कोणी शिकवले नव्हते. २७ वर्षांपूर्वी एका संस्थेच्या पाहणीसाठी मी एका खेड्यात घरोघरी फिरत होते. एका घरी सून तांदूळ निवडत बसली होती आणि मी तिला माझ्या कागदावरचे प्रश्न ओळीने विचारत होते. सासू आत येऊन उंबऱ्याशी टेकली. मी थांबले नाही, कारण संध्याकाळपर्यंत सहा घरे पूर्ण करायची होती. "नवरा मारतो का?" या प्रश्नाला तिने "नाही" म्हटले आणि मी खूण केली. तिच्या हातांकडे माझे लक्ष गेले ते नंतर: बाजूला काढलेले खडे ती उचलून पुन्हा तांदळात टाकत होती. तो "नाही" आमच्या अहवालात गेला, त्याची टक्केवारी झाली, आणि त्या तालुक्यात हिंसेचे प्रमाण कमी आहे असे एक वाक्य मी स्वतः लिहिले.

म्हणून तुमच्या मार्गदर्शकांच्या वाक्यापाशी थोडे थांबू या. "आपण संशोधक आहोत, कार्यकर्ते नाही" यात एक धारणा दडलेली आहे: माहिती काढणे हे तटस्थ काम असून बाईची सुरक्षा हा त्याबाहेरचा, दयेचा विषय आहे. या क्षेत्रात ही धारणा टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली स्त्रियांवरील घरगुती हिंसेच्या संशोधनासाठी नैतिकता आणि सुरक्षिततेच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत उत्तर देणाऱ्या स्त्रीची आणि संशोधन करणाऱ्यांची सुरक्षा सर्वांत आधी ठेवली आहे. गोपनीयतेबद्दल बोलतानाही त्या शिफारशी दोन कारणे एकत्र देतात: बाई सुरक्षित राहावी म्हणून आणि माहिती खरी मिळावी म्हणून. दीर पलीकडे झोपलेला असताना मिळालेले उत्तर नीतीने जितके सदोष असते, तितकेच संशोधनाच्या दृष्टीनेही. मार्गदर्शकांशी बोलताना याच बाजूने बोला. मला वाटते ते ऐकतील.

हा केवळ कागदावरचा आदर्श आहे असेही कोणी म्हणू नये. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसेविषयीचे प्रश्न घरातील एकाच निवडलेल्या स्त्रीला विचारले जातात, आणि पूर्ण एकांत मिळाला नाही तर तो भाग विचारूच नये अशी सूचना मुलाखत घेणाऱ्याला असते. इतक्या प्रचंड पाहणीला काही मुलाखती सोडून देणे परवडते, तर तुमच्या १८० मधल्या काही सुटल्या म्हणून बिघडणार नाही. त्याच पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचे दिसते. तुमच्यापाशी बोललेली बाई उरलेल्या मोठ्या गटातली होती. जन्मात पहिल्यांदा तिने तोंड उघडले, म्हणजे त्या तासाचे मोल तिच्या लेखी काय असेल, याचा विचार करा.

तर मग एकांत आणायचा कुठून? कोपीत तो नसतोच. पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या भिंतीला भिंत लागलेली, टोळीत बहुतेक सगळे एकमेकांचे भाऊबंद, पहाटे फडात आणि रात्री चूल. तासभर बसवून घेतले तर बाईची झोप जाते. दिवसा बसवले तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे मुकादम, म्हणजे टोळी आणणारा कंत्राटदार, कापून घेतो. म्हणजे तुमची मुलाखत तिला पैशातही पडते, हे आपण बहुधा हिशेबात धरत नाही. माझा स्पष्ट सल्ला असा की, हिंसेविषयीची मुलाखत हंगामात अड्ड्यावर घेऊच नये. हंगामात जा, ओळख करून घ्या, पाणी, शौचालय, मुलांची शाळा, बाळंतपण, उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) यांविषयी बोला. ती माहितीही तुमच्या प्रबंधाला लागणारच आहे. हिंसेचे बोलणे टोळ्या गावी परतल्यावर, उन्हाळ्यात करा, जेव्हा बाईला माहेरी, बचत गटाच्या बैठकीला, उपकेंद्रावर किंवा बाजाराच्या दिवशी एकटीने बाहेर पडता येते. जागा तिला निवडू द्या. कुठे बोलणे सुरक्षित आहे हे तिला तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा नेमके ठाऊक असते. गावातील आशा किंवा अंगणवाडी सेविकेची मदत जरूर घ्या, पण ती त्याच भावकीतली आहे का हे आधी पाहा, आणि मुलाखतीत तिला बसवू नका.

"एका घरात एकच स्त्री" हा नियम तुमच्या क्षेत्रात थोडा ताणायला हवा, असे मला वाटते. टोळी हेच तिथले घर असते. एका टोळीतील चार जणींना तेच प्रश्न विचारलेत तर रात्री चारही चुलींवर त्याचीच चर्चा होणार आणि दुसऱ्या दिवशी पुरुषांना कळणार. शक्य तिथे एका टोळीतून एकच बाई घ्या. आणि त्याच टोळीतील पुरुषांना हिंसेविषयी विचारायला तर जाऊच नका. नवऱ्याला तुम्ही प्रश्न विचारलात, की बायको काय बोलली असेल हे तो ताडतो.

अभ्यासाचे नाव लोकांसमोर काय सांगायचे, याबद्दलही तुमच्या मनात गोंधळ दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांत केलेला, २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वस्तीत "स्त्रियांचे आरोग्य आणि जीवनानुभव" अशाच नावाने ओळखला जात असे. मुकादमाला, सासूला, नवऱ्याला तुम्ही आरोग्याचा अभ्यास म्हणून सांगितलेत, तर त्यात खोटे काही नाही, कारण मारहाण हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. मात्र बाई एकटी असेल तेव्हा तिला पूर्ण सत्य सांगितलेच पाहिजे: पुढचे प्रश्न घरातील मारझोडीबद्दल आहेत, एकही उत्तर दिले नाही तरी चालेल, मध्येच उठलीस तरी चालेल. आणि मध्येच कोणी आले, तर दोघींनी कोणत्या विषयावर वळायचे हे सुरुवातीलाच तिच्याशी ठरवून घ्या. मी बाळाच्या लसींचा एक कागद वहीत वरच ठेवत असे. पावलांची चाहूल लागली की तो कागद पुढे यायचा, आणि बायका ज्या सफाईने बीसीजीवर बोलू लागत, ते पाहून त्यांना घरी काय काय लपवावे लागत असेल याची कल्पना येई.

संमतीच्या कागदाबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली आहे की, बायका अंगठा द्यायला घाबरतात. त्यांचे घाबरणे अगदी रास्त आहे. त्यांच्या आयुष्यात कागदावर अंगठा उठतो तो उचल घेताना. त्या अंगठ्यापायी पुढचे सहा महिने बांधले जातात. तशाच एका कागदावर आपण संशोधनाच्या नावाने अंगठा मागतो, आणि शिवाय तो कागद तिच्या नावासकट आपल्या पिशवीत राहतो, म्हणजे तिच्या बोलण्याचा सर्वांत धोकादायक पुरावा आपणच तयार करून ठेवतो. अशा वेळी तोंडी संमती घेऊन तिची नोंद सांकेतिक क्रमांकाने ठेवण्याची परवानगी संशोधनाला मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीकडे मागता येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि मुंबईतील सेहत या संस्थेच्या पुढाकाराने २००० साली झालेली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नैतिक तत्त्वे, ही दोन्ही समोर ठेवून अर्ज लिहा. तुमच्या महाविद्यालयात अशी समितीच नसेल, तर विद्यापीठाकडे किंवा जवळच्या संस्थेच्या समितीकडे लेखी विचारणा करा. "आमच्याकडे पद्धत नाही" हे उत्तर पुरेसे मानू नका.

आता त्या बाईकडे येऊ. पोलिसांकडे जाऊ का, असे तुम्ही विचारता. प्रौढ स्त्रीवर होणाऱ्या घरगुती हिंसेची खबर द्यायलाच हवी अशी सक्ती कायद्याने तुमच्यावर नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा कोणालाही त्याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवण्याची मुभा देतो, आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर त्याची जबाबदारी येत नाही. पण मुभा आहे म्हणून तिच्या नकळत ती वापरणे योग्य होत नाही. पोलीस कोपीवर येऊन गेल्यानंतर रात्र तिला तिथेच काढायची आहे. तिची मुले तिथेच आहेत, आणि उचल नवरा-बायकोच्या जोडीवर, अख्ख्या कोयत्यावर, दिलेली आहे. ती उठून गेली तर मुकादम तिच्या मागे लागेल. हे सगळे ती जाणते आणि म्हणूनच ती म्हणाली, "आता काही विचारू नका." त्या वाक्याला मी नकार समजत नाही, ते तिने केलेले मूल्यमापन आहे, आणि या घडीला ते तुमच्या-माझ्या मूल्यमापनापेक्षा भरवशाचे आहे. जिवावर बेतण्याची स्पष्ट चिन्हे दिसली, गळा दाबला, हत्यार उगारले, जाळण्याची धमकी दिली, तर मात्र थांबू नये. तेव्हा ११२ क्रमांकावर फोन करावा. ही मर्यादाही बोलण्याच्या आधीच तिला सांगितलेली असावी.

तिच्यापर्यंत आता पोहोचायचे ते आडवाटेने. त्या भागात आरोग्य तपासणी किंवा लसीकरणाचे पथक अड्ड्यावर येत असेल, तर त्या परिचारिकेशी किंवा डॉक्टरांशी बोला. नाव न घेता सर्वच बायकांची तपासणी एकेकीला आत बोलावून होईल, असे पाहा. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत यांनी सुरू केलेल्या दिलासा केंद्राने हेच दाखवून दिले की, "फडात पडले", "जिन्यावरून घसरले" अशी कारणे सांगत येणाऱ्या बाईला दवाखान्यात, पडद्यामागे, शांतपणे विचारले तर ती बोलते, आणि दवाखान्यात जाण्याला घरचे सहसा आडकाठी करत नाहीत. तिची भेट झाली की तिला एकच प्रश्न विचारा: "तुम्हाला काय हवे आहे?" कदाचित तिला काहीही नको असेल. कदाचित हंगाम संपेपर्यंत भावाला निरोप द्यायचा असेल. कदाचित फक्त एक फोन क्रमांक हवा असेल.

तो क्रमांक देतानाही विचार करा. छापील पत्रक हातात देऊ नका, ते नवऱ्याला सापडते. १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक तीनच आकडी आहे, तो पाठ होतो. तिच्या घरात फोन एकच असेल आणि तो नवऱ्याच्या खिशात असेल, तर तुम्ही त्यावर कधीच फोन किंवा संदेश पाठवू नका. आणखी एक गोष्ट ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांबाबत फार महत्त्वाची आहे आणि ती बऱ्याच कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसते. घर बीडला आणि कोपी सांगलीला, मग तक्रार कुठे करायची, असे म्हणून तिला परत पाठवले जाते. २००५ च्या कायद्याचे कलम २७ सांगते की, बाई तात्पुरती जिथे राहते किंवा जिथे काम करते, तिथल्या न्यायालयातही तिला अर्ज करता येतो. कोपी हेही तिचे राहण्याचे ठिकाण आहे. म्हणून तुमच्याकडे मदतीच्या ठिकाणांच्या दोन याद्या हव्यात, एक गावाकडची आणि एक कारखान्याकडची: संरक्षण अधिकारी, सखी केंद्र (हिंसा सोसलेल्या स्त्रियांना एकाच ठिकाणी मदत देणारे सरकारी केंद्र), जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, आणि पोलीस आवारात चालणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, ज्याची सुरुवात टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत केली आणि जो आज राज्यभर आहे. यादी करताना प्रत्येक ठिकाणी स्वतः जा. बसायला खुर्ची देतात का, बाईला "तुझे काय चुकले" असे आधी विचारतात का, कार्यालय किती वाजता उघडते, हे पाहिल्याशिवाय तो पत्ता कुणाला देऊ नका. बंद दारावर बाईला धाडणे हाही एक प्रकारचा मारच असतो.

तिची मुलाखत फाडायची का? माझ्या मते, हा निर्णय तुम्ही एकटीने घेऊ नये. तुम्हाला झालेल्या यातनेपायी तिचे बोलणे पुसून टाकलेत, तर तिच्या वतीने पुन्हा एकदा दुसऱ्याच कोणीतरी ठरवल्यासारखे होईल. तूर्त ती नोंद बाजूला काढा, कुलपात ठेवा, विश्लेषणात घेऊ नका. सुरक्षित भेट झाली की तिला विचारा. ती "नको" म्हणाली तर तिचा शब्द अखेरचा. भेट झालीच नाही, तर ती नोंद वापरू नका.

सोळा वर्षांच्या मुलीचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पोक्सो, कलम १९ मध्ये असे म्हणतो की, असा गुन्हा घडल्याचे ज्या कोणा व्यक्तीला कळते तिने तो बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवला पाहिजे. न कळवणे हाही कलम २१ खाली गुन्हा आहे. त्यात संशोधकाला सूट नाही. लग्न झालेले आहे म्हणून सुटका होत नाही, कारण १८ वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच ठरतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही तेच कायम आहे. म्हणजे "कुणालाही सांगणार नाही" हे वचन तुम्ही तिला द्यायलाच नको होते. ते पाळण्याचा अधिकार तुमच्या हातात नव्हता. वय आधी विचारून १८ वर्षांखालील मुलींना या प्रश्नांपासून दूर ठेवणे, आणि सर्वांनाच गोपनीयतेची हद्द सुरुवातीला सांगणे, ही दुरुस्ती पुढच्या कामात करा.

पण जे कळले ते आता कळले आहे. मला ठाऊक आहे की या तक्रारीने त्या मुलीचे आयुष्य आपोआप सुखाचे होणार नाही. नवरा कदाचित १९-२० वर्षांचा असेल, लग्न तिच्याच वडिलांनी लावून दिले असेल, आणि पोलिसांच्या धास्तीने तिला तपासणीला न्यायचेही घरचे बंद करतील. कायद्याच्या या सक्तीवर स्त्रियांसोबत काम करणाऱ्या अनेकांचे गंभीर आक्षेप आहेत आणि मला ते पटतात. तरीही मी तुम्हाला गप्प राहण्याचा सल्ला देणार नाही. एक तर तो बेकायदा आहे, आणि दुसरे म्हणजे, पाच महिन्यांची गरोदर मुलगी फडात मोळ्या वाहते आहे, हे आपल्याला कळूनही आपण उठून जावे, हे मला मान्य होत नाही. मार्गदर्शकांना आणि नैतिकता समितीला आजच लेखी कळवा. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांशी लगेच बोला. पोलिसांना खबर देताना जिल्ह्याच्या बालकल्याण समितीलाही सोबत घ्या, कारण पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवणे बंधनकारक आहे आणि मुलीसोबत राहण्यासाठी साहाय्यक व्यक्ती समिती नेमू शकते. तिला सुरक्षितपणे भेटता आले, तर हे सगळे तिला तुमच्याच तोंडून आधी कळू द्या. "मी शब्द दिला तो चुकीचा होता" हे तिला सांगणे कठीण जाईल. पण तिला ते पोलिसांकडून कळणे त्याहून वाईट. खबर देताना तिचा मुद्दा वेगळा ठेवा. त्यातून त्या दुसऱ्या बाईचे बोलणे बाहेर येता कामा नये.

लिहिण्याविषयी थोडे, कारण धोका मुलाखतीबरोबर संपत नाही. तुमचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या सर्वांना खुल्या संकेतस्थळावर, जाईल आणि गावातील बारावी शिकलेला पुतण्याही तो मोबाइलवर उघडू शकेल. नाव बदलून "सुनीता" केले आणि पुढे तांड्याचे नाव, तीन मुली, मोडलेला डावा हात, टायर गाडीवर काम, असे सगळे तपशील तसेच ठेवले, तर सुनीता कोण हे ओळखायला कुणाला वेळ लागणार नाही. एका व्यक्तीचे तपशील दोघी-तिघींत विभागा, वय आणि मुलांची संख्या ढोबळ ठेवा, कारखान्याचे नाव नको. चेहरा झाकून काढलेला फोटोही नको, कारण पाटल्या, गोंदण आणि पातळ घरचे लोक ओळखतात. ध्वनिमुद्रण तुमच्या रोजच्या फोनमध्ये ठेवू नका. उतरवून काढले की, समितीच्या परवानगीने, नष्ट करा.

तुम्ही विचारले नाही, पण पत्रात लिहिले आहे की दोन आठवडे झोप नाही आणि भाकरी थापताना ती चूल डोळ्यांसमोर येते. हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे. ऐकणाऱ्यालाही इजा होते, आणि म्हणूनच चांगल्या अभ्यासांत मुलाखत घेणाऱ्यांना आधी प्रशिक्षण आणि नंतर नियमित बोलण्याची जागा दिलेली असते. दिवसाला दोनपेक्षा जास्त मुलाखती घेऊ नका. एक अनुभवी समुपदेशक शोधा, जिच्याशी आठवड्यातून एकदा, कुणाचे नाव न घेता, बोलता येईल. अड्ड्यावर जाताना एकटीने जाऊ नका आणि कुठे चालला आहात हे कुणाला तरी सांगून जा. मुकादमाला तुमचे प्रश्न आवडतीलच असे नाही.

विषय सोडू नका. ज्या बायका वर्षाचे सहा महिने कोणत्याच गावच्या नसतात, त्यांच्याविषयी लिहिणारे फार थोडे आहेत. पण १८० हा आकडा सोडा. तीस बायकांशी, एकांतात, दोन-दोन भेटींत झालेले बोलणे मार्गदर्शकांपुढे ठेवलेत, तर त्यातून जास्त खरे काही निघेल. "तुमच्यावर हिंसा होते का?" असे विचारू नका, बायका या शब्दाने ते ओळखत नाहीत, "मारत नाही हो, कधीमधी हात उचलतो" म्हणतात. ढकलले का, केस ओढले का, जेवण बंद केले का, असे एकेक विचारा. आणि प्रश्नांचा शेवट मारावर करू नका. त्या दिवशी तिने काय करून स्वतःला सांभाळले, मुलांना कुठे नेले, कोण धावून आले, यावर बोलणे संपू द्या, म्हणजे उठताना तिच्या मनात स्वतःचे बळही असेल.

हे सगळे बदल लिहून काढा आणि समितीकडे पुन्हा मान्यतेसाठी पाठवा. झालेल्या घटनेचीही नोंद त्यात करा, लपवू नका. मान्यता येईपर्यंत हंगाम बहुधा संपलेला असेल आणि टोळ्या गावाकडे निघालेल्या असतील.

तुमची,
सल्ला सदराची लेखिका